हंड्यावरची नावं

बाबा ओट्यावर खाकरले आणि माझी हातोडी हवेतच थांबली.

कुणीतरी येत होतं. मांडीवरची परात तशीच धरून मी आतल्या खोलीत श्वाससुद्धा जपून घेत बसले. बाबांनी आपल्या मांडीवरचं भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. ते भांडं महिनाभर तेच होतं. त्यावर एकही ठिपका पडलेला नव्हता.

"या नर्मदावहिनी," बाबा म्हणाले. "बसा."

ही गोष्ट त्र्याऐंशी सालची, बार्शीची. तांबट आळीत आमचं घर. माझे बाबा, धोंडीराम करडे, भांड्यांवर नावं घालायचे. लेकीबरोबर सासरी जाणारं भांडं असो की वास्तुशांतीचा आहेर, कुणी दिलं, कुणाला दिलं, कधी दिलं हे त्यावर घातल्याशिवाय कुणी हलवायचं नाही. डाव्या हातात पोलादी टोचा, उजव्या हातात बारीक हातोडी, आणि ठिपक्याला ठिपका लावत अक्षर उमटवायचं. बाबांचं अक्षर असं की भांड्यांचे दुकानदार रासने शेठ गिऱ्हाइकाला आधी ते दाखवायचे आणि मग भांडं दाखवायचे.

मी वीस वर्षांची असताना बाबांच्या हातांना कंप सुटला. आई त्याच्या आदल्या वर्षी गेली होती. पहिले काही दिवस बाबांनी हात मांडीखाली दाबून पाहिले, तेल चोळून पाहिलं, सोलापूरच्या डॉक्टरांना दाखवून पाहिलं. मग एका दुपारी दार लोटून घेतलं, माझ्या हातात टोचा दिला आणि म्हणाले, "हिरे, अक्षर माझं. तू फक्त हात."

सात वर्षं मी फक्त हात होते.

खिडकी नसलेल्या खोलीत, दाराच्या फटीतून येणाऱ्या उजेडाच्या पट्टीत मी बसायची. बाबा ओट्यावर, गुडघ्यावर पंचा टाकून, त्याखाली हात लपवून. आतली ठकठक त्यांच्या हातची आहे असं येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटावं म्हणून. कुणी वळताना दिसलं की ते खाकरायचे आणि मी थांबायची. संध्याकाळी दार लावून घेतल्यावर एकेका भांड्यावरून अंगठा फिरवायचे. डोळ्यांनी बघायचे नाहीत, अंगठ्यानेच. एकदा, चौथ्या वर्षी असेल, मी एका वाटीवर 'र'चं शेपूट उगीच जरा लांबवलं. का ते मलाही सांगता यायचं नाही. बाबांचा अंगठा तिथं अडला.

"हे कुणाचं?"

मी वाटी घ्यायला हात पुढं केला.

त्यांनी ती वाटी उंबऱ्यावर ठेवली आणि माझ्याकडून हातोडीने चेपून घेतली. हातातून पडली असं शेठजींना सांगितलं. दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. पुढं मी कधी तसलं काही केलं नाही.

स्थळं यायची, पण बाबांना मुलगा पसंत पडायचा नाही. कुणी काळा, कुणाचं घर लांब, कुणाची आई तोंडाळ. मी सत्तावीस वर्षांची झाले होते आणि खरं कारण आम्हा दोघांनाही माहीत होतं. ते आम्ही कधी बोलून दाखवलं नाही.

तर त्या दिवशी ओट्यावर नर्मदाकाकू वेळापुरे बसल्या होत्या. आमच्या समोरच त्यांचं घर.

"एस्तेरबाई चालल्या," त्या म्हणाल्या. "नोकरी संपली. नगरला बहिणीकडं राहणार."

एस्तेरबाई उजगरे या नगरपालिकेच्या दवाखान्यातल्या नर्स. तीस वर्षं आळीतल्या बायका त्यांच्याच हातून मोकळ्या झाल्या. पावसापाण्यात, उन्हातान्हात, हाक मारली की पिशवी घेऊन हजर. माझ्या वेळीही त्याच होत्या.

"आम्ही बायकांनी मिळून तांब्याचा हंडा घेतलाय त्यांच्यासाठी. रविवारी संध्याकाळी आळीतच छोटा मांडव घालतोय. हंड्यावर नाव घालून द्या."

"घालू की. मजकूर?"

"तेच सांगायला आले. त्यांच्या हातची आळीतली जेवढी पोरं आहेत ना, त्या सगळ्यांची नावं घालायची."

बाबा हसले. "वहिनी, हंडा आहे तो. शाळेचा हजेरीपट नव्हे."

"पण..."

"'श्रीमती एस्तेर उजगरे यांस तांबट आळीतील भगिनींकडून सप्रेम भेट.' खाली तारीख. एका ओळीत, काठाखाली. बघा कसं देखणं दिसतं ते."

"ते सगळ्याच भांड्यांवर असतं हो, भाऊजी."

"असतं, कारण ते शोभतं," बाबा म्हणाले. काकू हंडा ठेवून गेल्या.

दुसऱ्या दिवशी, बुधवारी, बाबांना परांड्याला जायचं होतं. भाच्याचं लग्न होतं, मामा म्हणून उभं राहणं भाग होतं. निघताना त्यांनी मला बजावलं, "शनिवारी दुपारी येतो. आलो की हंड्याचं बघू. तोवर हातोडीला हात लावायचा नाही. ओटा रिकामा आणि आत ठकठक, असं नको व्हायला."

ते गेले आणि घर मुकं झालं. सात वर्षांत पहिल्यांदा मला काही काम नव्हतं. मी भांडी घासली, धान्य निवडलं, पुन्हा तीच भांडी घासली. ओट्यावर जाऊन बसायचा मला कुणी मज्जाव केला नव्हता. पण उंबऱ्यापर्यंत जायची आणि परत फिरायची. बाहेर बसून काय करायचं असतं ते मी विसरलेच होते.

गुरुवारी सकाळी नर्मदाकाकू सरळ आत आल्या. आतल्या खोलीच्या दारात उभ्या राहिल्या. मी चटकन उठून टोचा परातीखाली सारला.

"ठेव गं तो वर," काकू म्हणाल्या. "मला माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"मी समोर राहते, हिरे. सात वर्षं तुझ्या बाबांच्या कपातला चहा बशीत पडायच्या आधी धोतरावर पडताना बघते आहे. त्या हातानं एवढे बारीक ठिपके पडतात होय?"

"अजून कुणाला...?"

"सगळ्या आळीला. फक्त रासन्याला नाही. बायकांचं पोटात राहतं, काळजी करू नको." त्यांनी पदराच्या गाठीतून वहीचा घडी घातलेला कागद काढला. "ही नावं. सत्तेचाळीस भरली. खाली तीन आहेत ती बघ, ती शकिलाभाभी आणि आणखी दोघींची. राहिली नाहीत ती. त्यांचं काय करायचं ते मला कळेना."

"काकू, बाबांनी सांगितलंय तसंच होणार. मी काही..."

"मी काही म्हणत नाही. कागद ठेवून जाते. तुला वाटलं तर कर. नाही वाटलं तर सप्रेम भेट आहेच."

त्या गेल्या. मी तो कागद चुलीजवळच्या फळीवर ठेवला. मग चुलीत टाकावा म्हणून उचलला. मग वाचला. श्रीरंग, मुमताज, अंबू, दगडू, सलीम, बरंच खाली रेवती, पुन्हा एक दगडू. मग वर तेराव्या नावापाशी मी थांबले. हिरा.

दुपारपर्यंत मी काही केलं नाही. मग हंड्यात ओली वाळू भरली. वाळू भरली की पत्रा दबत नाही आणि आवाजही कमी येतो. नुसती भरून ठेवू, बाबा आल्यावर उपयोगी पडेल, असं मी स्वतःला सांगितलं. मग टोचा हातात घेतला. ओटा रिकामा होता. पहिला ठोका मी इतका हळू मारला की तांब्यावर काही उमटलंच नाही. दुसरा मारला, तर माझ्याच कानठळ्या बसल्यासारखं झालं. मी थांबून ऐकलं. समोर कुणीतरी कपडे आपटत होतं. त्या आवाजात खंड पडला नाही.

पहिली नावं मी बाबांच्या अक्षरात घातली. दुसरं अक्षर माझ्याकडं नव्हतंच. हे मला त्या दिवशी कळलं. मला वाटायचं, बाबांनी दाबून ठेवलंय म्हणून, एरवी माझं म्हणून काही आत आहेच. आता मला अडवणारं कुणी नव्हतं, आणि टोचा टेकवला की येत होता तो बाबांचाच 'श', बाबांचाच 'म'. खोलीचं दार सताड उघडं होतं आणि तरी मी कोंडलेलीच होते. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते रागाचं की कशाचं कोण जाणे.

नावं मी मानेपासून गोल गोल खाली उतरवत होते, एक फेरा संपला की त्याखाली दुसरा. बारा नावं झाली. तेरावं माझं, ते सोडून पुढं गेले. अठरा झाली. संध्याकाळी शकिलाभाभी भाकरी घेऊन आल्या. आळीच्या टोकाला, मोमीन गल्लीच्या तोंडाशी राहायच्या, चार मुलांची आई.

"नर्मदावहिनींनी सांगितलं, तू जेवली नसशील म्हणून." त्या हंड्यापाशी बसल्या. वाचता त्यांना फारसं यायचं नाही. "यात माझी कुठली?"

मी त्यांचं बोट धरून दाखवलं. "हा सलीम. ही मुमताज."

"आणि पहिला?"

मी कागद पाहिला. खालच्या तिघांतल्या बाकी दोघांना नावं होती. "भाभी, त्याचं नाव लिहिलेलं नाही इथं."

"नाव ठेवलंच नव्हतं. सकाळी झाला आणि दुपारच्या अजानपर्यंत..." त्यांनी हाताने काहीतरी पुसल्यासारखं केलं. "एस्तेरबाई त्याला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्याच्यासाठी काही लिहिता येईल?"

"काय लिहू?"

"मला काय विचारतेस पोरी? लिहिणारी तू."

त्या गेल्यावर मी टोचा उचलला आणि खाली ठेवला. नाव नसलेल्याला बाबांचं अक्षर चालत नव्हतं. त्याला कुणाचंच अक्षर चालत नव्हतं. तांब्यावर खोडता येत नाही. एक ठिपका पडला की पडला. 'बाळ' लिहावं? ते खोटं वाटलं. जागा रिकामी सोडावी? मग ते नव्हतंच असं होईल.

शेवटी मी डोळे मिटले नाहीत, देवाचं नाव घेतलं नाही, काही नाही. अठराव्या नावापुढं जी जागा होती तिथं टोचा टेकवला आणि एक वर्तुळ काढलं. टिकलीएवढं. पण पुरतं मिटवलं नाही. वरच्या बाजूला एका ठिपक्याएवढी वाट ठेवली. का ठेवली ते मला आजही सांगता येणार नाही. हात तिथं थांबला, एवढंच.

मग मी त्याच्याकडं पाहिलं आणि घाबरले. हे चांगलं आहे की वाईट, तेच मला कळेना. बाबांचं अक्षर असलं की कळायचं. बाबांसारखं आलं की चांगलं, नाही आलं की वाईट. हे कशासारखंच नव्हतं.

शुक्रवारी सकाळी पुढचं नाव घालायला घेतलं, रेवती. 'र'चं शेपूट लांब गेलं. मी जाऊ दिलं. त्यापुढचा 'ह' खाली वाकून बसला, जणू काही उचलायला. तोही राहू दिला. दुपारपर्यंत हात असा चालायला लागला की मला भूक लागल्याचं कळलं नाही. आणि नेमकं तेव्हाच लक्षात आलं, की हंड्याचा बुडाकडचा उतार आलाय आणि अजून चौदा नावं बाकी आहेत. जागाच नाही.

बाबा हे काम करते तर आधी दोरीने मोजलं असतं, खुणा केल्या असत्या. मी नुसती वाहवत गेले होते. हंडा टाकून कुठं पळून जाता आलं असतं तर गेले असते. पण जाणार कुठं? तासभर मी हंडा वाळूसकट गोल फिरवत बसले. मग दोन फेऱ्यांच्या मधल्या मोकळ्या पट्ट्या दिसल्या. राहिलेली नावं बहुतेक धाकट्या भावंडांची होती. ती मी बारीक अक्षरात थोरल्यांच्या खाली, कुशीत शिरल्यासारखी बसवली. काही वाकडी बसली. एक दगडू दुसऱ्या दगडूला जवळजवळ टेकला.

शनिवारी सकाळी सगळ्यात शेवटी माझं नाव घातलं. ते सरळ आलं नाही.

दुपारी बाबा आले. पिशवी ठेवली, हातपाय धुतले, पाणी प्यायले. हंडा खोलीच्या मधोमध होता. लपवायला काही सुचलंच नव्हतं.

बाबांनी विचारलं नाही. खाली बसले आणि अंगठा टेकवला. अंगठा थरथरत होता. पहिल्या फेऱ्यावरून तो फिरला, आपल्या घरातून फिरावा तसा. मग वर्तुळापाशी आला आणि थांबला. त्यांनी त्यावरून तीनदा बोट फिरवलं.

"हे काय?"

"शकिलाभाभींचा पहिला मुलगा. त्याचं नाव नव्हतं."

अंगठा पुढं सरकला. तिथून पुढं त्यांना काही ओळखीचं लागत नव्हतं. त्यांच्या कपाळावरून मला ते दिसत होतं. शेवटच्या फेऱ्यापर्यंत गेले, मधल्या बारीक नावांवर अडखळले, दोन्ही दगडूंपाशी थबकले. एवढ्या वेळात आळीत एक सायकल आली आणि गेली.

"चेपता येणार नाही हा," ते म्हणाले. "दुसरा आणायला वेळ नाही."

"हो."

"मला विचारलं का नाहीस?"

"तुम्ही नाही म्हणाला असता."

ते उठले. भिंतीला धरून उठावं लागलं. "मी उद्या येणार नाही," म्हणाले, आणि भिंतीकडं तोंड करून आडवे झाले.

पण रविवारी ते आले. धुतलेली टोपी घालून, माझ्या आधीच मांडवात जाऊन मागच्या खुर्चीवर बसले. हात पंच्याखाली. मी बायकांच्या घोळक्यात मागं उभी राहिले. रासने शेठ पुढं होते, त्यांच्याच दुकानातला हंडा होता ना.

एस्तेरबाई पांढऱ्या साडीत आल्या. उंच, ताठ, केस सगळे पिकलेले. नर्मदाकाकूंनी हंड्यावरचं कापड काढलं. बाईंनी चष्मा लावला आणि वाचायला सुरुवात केली. कुणी भाषण करणार होतं ते राहून गेलं. त्या एकेक नाव मोठ्याने वाचत हंडा फिरवत होत्या, आणि ज्याचं नाव येईल ते पोर, कुणी दाढी आलेलं, कुणी कडेवर मूल घेतलेलं, "मी, मी" म्हणत हात वर करत होतं. मग त्या थांबल्या. बोट वर्तुळावर होतं.

"हे कोण?"

मागून शकिलाभाभी म्हणाल्या, "माझा."

एस्तेरबाईंनी मान वर केली नाही. "बुधवार होता तो," त्या म्हणाल्या. "त्याच्या डाव्या कानापाशी तीळ होता." आणि चष्मा काढून पुसला, मग पुढचं नाव वाचलं.

सगळं वाचून झाल्यावर रासने शेठ उठले. त्यांचा आवाज मोठा. "बघा मंडळी! बार्शीत असा दुसरा हात नाही. धोंडीराम, उठा! पन्नाशी उलटली तरी काय ही कला! उठा, हार घाला रे ह्यांना!"

बाबा उठले. हार घेऊन कुणीतरी पुढं झालं. बाबांनी पंचा बाजूला केला आणि दोन्ही हात सगळ्यांना दिसतील असे पुढं धरले. ते हात कसे हलत होते ते मुलांनीसुद्धा पाहिलं.

"हे मी केलेलं नाही," ते म्हणाले. "माझ्या हातात सात वर्षं टोचा नाही."

"म्हणजे? मग कुणी...?"

बाबांनी माझ्याकडं पाहिलं नाही. खुर्ची सरकवली आणि मांडवाबाहेर चालायला लागले. सगळे वळून माझ्याकडं बघत होते. त्यांच्यापैकी निम्म्यांना आधीपासून माहीत होतं, तरी बघत होते. पायाखालची जमीन फाटली तर बरं, असं मला झालं. बापाने भर मांडवात हात झटकले, मला टाकलं, एवढंच मला तेव्हा कळलं.

"मी," मी म्हणाले. मग घोळक्यातून पुढं होऊन पुन्हा म्हणाले, "मी केलं."

सोमवारी रासने शेठनी भांड्यांचं पोतं पाठवलं नाही. मंगळवारीही नाही. बुधवारी निरोप आला, सोलापूरहून नावं कोरायचं विजेचं पेन आणलंय, आता ते दुकानातच करून घेतील. ऐन लग्नसराई होती आणि आमच्या घरात टाचणी पडली तरी ऐकू येत होतं. बाबा आतल्या खोलीत जाऊन बसले. ओटा रिकामाच. मी स्वयंपाक करायची, ताट नेऊन ठेवायची, ते जेवायचे. काही बोलायचे नाहीत. पूर्वी निदान ठकठक तरी होती. माझ्या एका वर्तुळापायी मी दोघांनाही कुठं आणून बसवलं, असं मनात यायचं. रात्री अंथरुणावर पडलं की तेच.

नवव्या दिवशी दारात एक अनोळखी बाई आली. साळी गल्लीतली द्वारका म्हणून. हातात जुना पितळी तांब्या.

"तो हंडा ज्यांनी केला त्या इथंच राहतात का?"

मी हो म्हणाले.

"सासूबाईंचा आहे हा. गेल्या महिन्यात गेल्या. तोंडाच्या कडक होत्या हो. पण कुणालाही पाणी देताना म्हणायच्या, हळू पी. पाहुणा असो, भिकारी असो, हळू पी. आता तहान लागली की तेच कानात येतं." ती हसली आणि डोळे पुसले. "यावर काहीतरी घालून द्या."

"काय घालू?"

"ते तुम्हीच ठरवा," ती म्हणाली आणि उद्या येते म्हणून गेली.

मी तांब्या घेऊन आत आले. बाबा भिंतीला टेकून बसले होते.

"ऐकलंत?"

"हं."

"काय घालू?"

"मला विचारू नकोस." मग तांब्याकडं बघत म्हणाले, "पस्तीस वर्षं नावं घातली मी. हजारो घातली असतील. तुम्हीच ठरवा, असं मला एकदाही कुणी म्हटलं नाही."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. मी त्यांच्या तोंडाकडं पाहिलं आणि मला एकदम कळलं, की मांडवात त्यांनी माझ्यावरून हात झटकले नव्हते. नऊ दिवस ते माझ्यावर रुसूनही बसले नव्हते. ते दुसऱ्याच कशापाशी बसले होते.

मी तांब्या त्यांच्या पुढ्यात ठेवला. "म्हटलं असतं तर काय घातलं असतं?"

"आता काय त्याचं?"

"सांगा तरी."

त्यांनी तांब्या उचलला, खाली ठेवला, पुन्हा उचलला. लाजल्यासारखे झाले. बाबांना लाजताना मी कधी पाहिलं नव्हतं.

"उंट," ते म्हणाले.

"उंट?"

"मी सात-आठ वर्षांचा असेन. आळीत उंट घेऊन लोक आले होते, कुठून तरी लांबून. माझ्या वडलांच्या दुकानापुढंच एक बसला. मग मी चुन्याच्या भिंतीवर कोळशाने उंट काढायचो. रोज. वडलांनी एकदा पाठीत धपाटा घातला, म्हणाले, उंटाला गिऱ्हाईक नाही. मग सोडलं."

"तांब्यावर उंट कसा दिसेल?"

"कोण जाणे."

"मला उंट येत नाही, बाबा."

"मला तरी कुठं येतो आता!" असं म्हणून ते हसायला लागले. हसता हसता त्यांना ठसका लागला आणि मी पाणी आणायला धावले.

आम्ही तांब्या ओट्यावर नेला, आत दिसत नव्हतं म्हणून. काठाच्या आत, पिणाऱ्याला दिसेल असं मी 'हळू पी' घातलं. खाली, पोटावर, बाबा सांगत गेले आणि मी ठोकत गेले. मान अजून लांब. नाही, एवढी नाही. पाठीवर उंचवटा, उंचवटा. अगं, तो उंचवटा आहे का डोंगर? पाय चार झाले का बघ.

दुसऱ्या दिवशी द्वारका आली. आत वाकून 'हळू पी' वाचलं आणि तांब्या छातीशी धरला. मग तिने तो फिरवून बघितला.

"ताई, आणि ही शेळी कशाला?"

"शेळी नाही!" बाबा आतून ओरडले. "उंट आहे तो!"